पेपर स्प्रे घेताय? तिखटपणाचा आकडा सोडा, लॉक आणि नोझल बघा

ऑनलाइन दुकानात 'पेपर स्प्रे' टाकून शोधलं की लाल-काळ्या बाटल्यांची रांग लागते. कोब्रा, इम्पॉवर, नॉकआउट ही नावं सतत दिसतात, थोडे जास्त पैसे मोजायची तयारी असेल तर अमेरिकी सेबर. देशी बाटली साधारण २०० ते ६०० रुपयांत येते. रेटिंग बघायला जाल तर जवळजवळ सगळ्यांचंच चांगलं. कारण उघड आहे: बहुतेक लोक पार्सल फोडतात, बाटली पर्समध्ये टाकतात आणि 'डिलिव्हरी वेळेवर, पॅकिंग छान' म्हणून पाच तारे देऊन मोकळे होतात. त्यांनी बटण दाबलेलंच नसतं. त्यामुळे इथे एका ब्रँडला तारे देण्याऐवजी बाजारात मिळणारे प्रकार तपासले आहेत: कोणता कुठे चालतो, कुठे उलटतो आणि २०० ते ६०० रुपयांत नेमकं काय बघून घ्यायचं.

२० लाख म्हणजे किती?

लेबलवर सर्वांत मोठ्या अक्षरात जे छापलेलं असतं, ते सर्वांत कमी उपयोगाचं असतं. '२० लाख स्कोव्हिल', 'मिलिटरी ग्रेड', 'पोलिसांसारखी ताकद' वगैरे. 'मिलिटरी ग्रेड' हे कुठलंही प्रमाण नाही, ते वाचून पुढे जा. स्कोव्हिल हे तिखटपणा मोजायचं एकक, त्याचं मात्र समजून घेण्यासारखं आहे.

पेपर स्प्रेमध्ये मिरचीचा दाट, लालसर, तेलकट अर्क असतो, त्याला ओलिओरेझिन कॅप्सिकम म्हणतात. लेबलवर तो 'ओसी' म्हणून येतो. त्यातलं कॅप्सेसिन आणि त्याची भावंडं मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही-१ या ग्राहीला चिकटतात. हा ग्राही एरवी चटका बसल्याची खबर मेंदूला देतो, म्हणून डोळ्यांत खरोखर आग झाल्यासारखं वाटतं, पापण्या आपोआप मिटतात, नाक वाहतं, खोकला येतो. (हा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.) शुद्ध कॅप्सेसिन म्हणजे सुमारे १ कोटी ६० लाख स्कोव्हिल. आसामकडची भूत जोलोकिया १० लाखांच्या पुढे जाते.

आता गोम अशी की लेबलवरचे २० लाख हे पातळ करण्याआधीच्या अर्काचे असतात. तोच अर्क बाटलीत १० टक्के घातला असेल तर नोझलमधून बाहेर पडणारं द्रावण २ लाखांच्या आसपासचं असतं. आणि '१० टक्के ओसी' एवढ्यावरही काही ठरत नाही. सौम्य मिरचीचा १० टक्के अर्क हा जहाल मिरचीच्या ५ टक्के अर्कापेक्षा फिका निघू शकतो. खरा आकडा एकच: मुख्य कॅप्सेसिनॉइड्सचं, म्हणजे कॅप्सेसिन आणि त्याच्या भावंडांचं, प्रमाण, लेबलवर 'एमसी' म्हणून दिलेलं. माणसांसाठीच्या स्प्रेमध्ये ते ०.१८ टक्क्यापासून १.३३ टक्क्यांपर्यंत असतं. सेबर आपल्या बाटलीवर १.३३ टक्के छापते. अनेक देशी बाटल्यांवर हा आकडा नसतोच. असेल तर ती बाटली एक पायरी वर धरा. नसेल तर निदान बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता आहे का बघा. यांतलं एकही नसलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी परत पाठवा.

पण एमसी ०.७ आहे की १.३ यावर रात्री अकरा वाजता रिक्षा स्टँडवर फारसा फरक पडत नाही. दोन्ही डोळ्यांत गेले तर दोन्ही पुरेसे आहेत. बाटली हातात आहे का, लॉक निघतंय का, नोझल कुठे वळलंय आणि फवारा समोरच्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचतोय का, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून पुढचं सगळं परीक्षण या चार प्रश्नांभोवती आहे.

धुकं, धार आणि जेल

भारतात सर्वांत जास्त खपतो तो धुक्यासारखा फवारा, शंकूच्या आकारात पसरणारा. पल्ला २ ते ३ मीटर. नेम फार अचूक असावा लागत नाही, चेहऱ्याच्या दिशेने मारला तरी डोळे-नाक दोन्हीला लागतो आणि श्वासातही जातो. हा याचा मोठा गुण. दोषही तोच: बारीक थेंब वाऱ्यावर स्वार होतात. मुंबईत मरीन ड्राइव्हला किंवा कोकणात किनाऱ्यावर समोरून वारा असताना हा मारला तर अर्धा आपल्याच डोळ्यांत येतो. बंद जागेत तर प्रश्नच नाही. १३ फेब्रुवारी २०१४ ला तेलंगण विधेयकाच्या वेळी लोकसभेत एका खासदाराने पेपर स्प्रे मारला होता. सभागृह केवढं मोठं, तरी अनेक सदस्य खोकत बाहेर आले आणि काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. मग सोसायटीच्या लिफ्टचं किंवा काचा बंद असलेल्या एसी कॅबचं काय होईल ते ओळखा.

धारेचा स्प्रे पिचकारीसारखा सरळ जातो. पल्ला ३ ते ४ मीटर, वाऱ्याने कमी ढळतो, पावसातही बऱ्यापैकी पोचतो. पण नेम हवा. धार गालावर लागली तर जळजळ होईल, डोळे मिटणार नाहीत. एक धोका फार कमी लेबलांवर स्पष्ट लिहिलेला असतो: जोरदार धार एक मीटरच्या आतून थेट डोळ्यावर मारली तर दाबाने बुबुळाला इजा होऊ शकते. तिखटाची जळजळ तासाभरात जाते, ही इजा राहू शकते.

जेल ही सर्वांत जाड धार. ४ मीटरच्या आसपास जाते, हवेत जवळपास तरंगत नाही, त्यामुळे लिफ्ट, जिना, लोकलचा डबा अशा ठिकाणी आजूबाजूच्यांना त्रास कमी. उलट बाजू अशी की श्वासात कमी जात असल्याने सगळी मदार डोळ्यांवर, आणि परिणाम दिसायला धुक्यापेक्षा क्षणभर जास्त लागू शकतो. समोरचा पुसायला गेला की उलट जास्त पसरतं, हा बोनस. भारतात जेलचे पर्याय कमी आहेत आणि महाग पडतात.

रोजचा प्रवास लोकल, रिक्षा, कॅब, लिफ्ट असा असेल तर आमची पसंती धार किंवा जेल. मोकळ्या रस्त्याने, शेताच्या वाटेने, एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावरून जाणं-येणं असेल आणि नेमाची खात्री नसेल तर धुकं चालेल. वारा बघून उभं राहा असा सल्ला सगळीकडे लिहिलेला असतो. पण हल्ला करणारा वाऱ्याची दिशा विचारून येत नाही, त्यामुळे कमी ढळणारा प्रकार आधीच घेतलेला बरा.

बाटलीचा आकार आणि लॉक

लिपस्टिकच्या आकाराचे स्प्रे दिसायला गोंडस, कामाला निरुपयोगी. टोपण दोन हातांनी काढावं लागतं. टोपण काढल्यावर नोझलचं छिद्र कुठल्या बाजूला आहे हे अंधारात बोटाला कळत नाही. पल्ला कमी, माल कमी. पिस्तुलाच्या आकाराचे घेऊ नका. पर्समध्ये मावत नाहीत आणि लांबून खरं हत्यार वाटलं तर पोलीस किंवा सुरक्षारक्षक काय समजतील याचा नेम नाही. टॉर्च आणि स्प्रे एकत्र असलेल्या वस्तूंमध्ये बटणं दोन, गोंधळ एक. विजेचा झटका देणाऱ्या वस्तू जोडीला ठेवायची हौस असेल तर लक्षात घ्या, अनेक स्वस्त स्प्रेमध्ये अल्कोहोल आणि एलपीजीसारखा ज्वालाग्राही वायू असतो. ठिणगीने पेट घेऊ शकतो. याच कारणासाठी स्वयंपाकघरात पेटलेल्या शेगडीजवळ चाचणी करू नका.

किल्ल्यांच्या किचेनला अडकवायची छोटी बाटली १५-२० मिलिलिटरची असते. चांगल्या बाटलीत अर्ध्या सेकंदाहून लहान असे २०-२५ फवारे निघतात. बटण दाबून धरलं तर काही सेकंदांत रिकामी. पण किचेनचा खरा प्रश्न वेगळाच आहे: दुचाकी चालवताना किल्ली स्कूटरलाच लावलेली असते. सिग्नलला कोणी शेजारी येऊन त्रास देऊ लागला, तर स्प्रे काढायचा म्हणजे गाडी बंद करून किल्ली उपसायची. शिवाय दिवसभर उन्हात ती बाटली हँडलखाली लटकत असते. किचेनचा स्प्रे पायी आणि बसने फिरणाऱ्यांसाठी ठीक. स्कूटरवाल्यांनी वेगळा घ्यावा, नाहीतर झटक्यात सुटणारी क्लिप असलेला तरी.

आमच्या मते सर्वांत समतोल मोजमाप म्हणजे ३० ते ५० ग्रॅम माल असलेली, तळहातात बसणारी बाटली. लेबलवर दोन आकडे असतील तर नीट वाचा: मिलिलिटरचा आकडा कधीकधी डब्याच्या आकारमानाचा असतो, आत भरलेला माल ग्रॅममध्ये वेगळा लिहिलेला असतो. दर काढायचा तो ग्रॅमवर.

लॉकचे तीन प्रकार दिसतात. पहिला, नुसतं टोपण. खाली बटण उघडं. टोपण पर्समध्ये निघालं की छत्रीचा दांडा किंवा डबा बटणावर दाबला जातो आणि बंद पर्समध्ये फवारा सुटतो. रुमाल, फोन, पाकीट, टिफिन, सगळं तिखट. दुसरा, फिरवून उघडायचा. 'लॉक'कडून 'फायर'कडे साधारण पाव वळसा. सुरक्षित, पण घाबरल्यावर बारीक हालचाली जमत नाहीत. अंगठा घामाने किंवा पावसाने ओला असेल तर घसरतो. तिसरा, बटणावर छोटी पट्टी असते आणि अंगठा तिच्याखाली सरकवूनच बटण दाबता येतं. हा सर्वांत चांगला. चुकून दाबला जात नाही, अंगठा आत सरकला की बाटलीची दिशाही आपोआप पुढची होते. दुकानात घेत असाल तर डोळे मिटून अंगठा आत सरकतो का ते बघा. लांब नखं असतील तर हमखास तपासा, काही बाटल्यांत नख अडतं.

बाटली अंगठ्याने चालवायची, तर्जनीने नाही. डिओ मारतो तशी वर तर्जनी ठेवून धरली तर झटापटीत हातातून सहज हिसकावली जाते. चार बोटांची मूठ, वर अंगठा.

पार्सल आल्यावर काय करायचं

एरोसोल असल्याने कुरिअर कंपन्या हे विमानाऐवजी रस्त्याने पाठवतात, चार दिवस जास्त लागले तर दोष विक्रेत्याचा नाही. पार्सल आल्यावर आधी उत्पादनाची तारीख बघा. मुदत २ ते ४ वर्षांची असते आणि सेलमध्ये ढकललेल्या मालाचं निम्मं आयुष्य गोदामातच गेलेलं असू शकतं. मुदत संपली म्हणजे मिरची फिकी पडते असं नाही. आतला वायू रबरी सीलमधून हळूहळू निसटतो, दाब कमी होतो आणि ३ मीटरची धार पायाशी पडते.

नंतर एक चाचणी. गच्चीवर जाऊ नका, खालच्या मजल्यावरच्यांच्या खिडक्या उघड्या असतात. मोकळं मैदान, आसपास माणसं-जनावरं नाहीत, वारा पाठीवर. हात सरळ पुढे, अर्ध्या सेकंदाचा एकच फवारा. तीन गोष्टी बघायच्या: किती लांब गेला, किती पसरला, बटण सोडल्यावर लगेच थांबला का. बटण सोडल्यावरही नोझलमधून थेंब येत राहिले तर व्हॉल्व्ह खराब, बाटली बदलून घ्या. नोझल टिश्यूने पुसा, टिश्यू पिशवीत बंद करून टाका, हात साबणाने दोनदा धुवा. डोळ्यांत लेन्स घालणाऱ्यांनी त्या दिवशी लेन्सला हात लावण्याआधी तिसऱ्यांदा. पुढे दर सहा महिन्यांनी असाच एक फवारा.

चाचणीत बाटली सरळ उभी धरा. आत तळापर्यंत एक नळी असते, तिच्यातून द्रावण वर येतं. बाटली उलटी धरली तर नुसता वायू निघतो, दाब वाया जातो आणि बाटली संपायच्या आधी मरते.

काही कंपन्या नुसतं पाणी भरलेली सरावाची बाटली देतात. मिळाली तर सोडू नका. नाही मिळाली तर मुदत संपलेली जुनी बाटली लॉक उघडणं-लावणं यासाठी वापरा, फवारा न मारता. पर्समधून बाटली काढून लॉक उघडेपर्यंत दोन सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर जागा बदला. पर्सच्या तळाशी, टिफिन आणि चार्जरच्या खाली ठेवलेला स्प्रे नसल्यातच जमा. बाहेरचा कप्पा, सॅकच्या पट्ट्याला छोटं पाऊच किंवा कुर्त्याचा खिसा, आणि जागा रोज तीच. स्टेशनवरून घरापर्यंतचा सुनसान टप्पा असेल तर बाटली आधीपासून मुठीत असू द्या. हल्ला झाल्यावर शोधायला वेळ मिळत नाही.

मारायचा कसा

मोकळा हात पुढे, तळवा समोर. स्प्रेचा हात छातीजवळ मागे, म्हणजे हिसकावता येत नाही. मोठ्याने, थोडक्यात ओरडा: "मागे हो!" आवाजाने आजूबाजूचे बघतात आणि तुम्ही आधी बजावलं होतं याला साक्षीदार मिळतात. तरीही पुढे आला तर दीड ते तीन मीटरवरून, कपाळाच्या उंचीला, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवा फवारा. अर्धा ते एक सेकंद. आपला श्वास रोखलेला. लगेच दोन पावलं बाजूला सरका, कारण डोळे मिटलेला माणूस तुम्ही आधी होतात तिथेच झडप घालतो. गरज वाटली तर दुसरा फवारा, आणि निघा. परिणाम बघत थांबू नका, व्हिडिओ काढत तर मुळीच नाही. उजेड आणि माणसं जिथे असतील तिकडे जा आणि ११२ लावा. रेल्वेत असाल तर १३९.

परिणाम काही सेकंदांत सुरू होतो आणि २० ते ४५ मिनिटं टिकतो, पण प्रत्येकावर सारखा नाही. दारू किंवा नशेत असलेला माणूस डोळे मिटूनही हातपाय चालवतो. चष्मा, रुमाल, मास्क यांनी परिणाम कमी होतो. हेल्मेटची काच खाली असेल तर जवळपास शून्य. बाइकवरून येऊन मंगळसूत्र ओढणाऱ्यांसमोर पेपर स्प्रे कामाचा नाही हे सरळ मान्य करा: हेल्मेट घातलेलं, गाडी वेगात, सगळा प्रकार दोन सेकंदांचा. त्यासाठी स्प्रे विकत घेत असाल तर पैसे वाया.

चालत्या रिक्षात मागे बसून फवारा मारू नका. वारा पुढून मागे येतो, म्हणजे तो तुमच्याच तोंडावर परततो. आणि डोळे मिटलेला चालक गाडी कुठे घालेल सांगता येत नाही. रिक्षा किंवा कॅब थांबल्यावर, एक पाय बाहेर पडलेला असताना, मग. स्कूटर चालवतानाही हाच नियम. लोकलच्या डब्यात दारातून वारा येतो आणि आसपास इतर बायका-मुलं असतात. तिथे साखळी ओढणं आणि १३९ आधी, स्प्रे अगदी अंगावर आल्यावर.

स्वयंपाकघरातली मिरची पूड पुडीत बांधून नेणाऱ्या अजून बऱ्याच आहेत. पावसाळ्यात तिचे गठ्ठे होतात, फेकली तर समोरच्यापेक्षा आपल्या अंगावर जास्त येते, आणि रंगासाठी आणलेली काश्मिरी मिरची असेल तर ती तिखटही नसते. मिरचीचं पाणी परफ्यूमच्या बाटलीत भरण्याच्या यूट्यूब युक्त्याही सोडा. नोझलमध्ये कण अडकतात आणि पल्ला हातभरही मिळत नाही.

आपल्याच अंगावर आला तर

वारा असो वा पर्समधला अपघात, हे होतंच. पहिली गोष्ट: चोळू नका. चोळल्याने तेल त्वचेत आणि पापण्यांखाली आणखी पसरतं. मोकळ्या हवेत जा. हात साबणाने धुवून लेन्स काढा आणि फेकून द्या, धुवून पुन्हा घालायची नाही. डोळे गार वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटं, सतत उघडझाप करत. चेहऱ्याला भांड्यांचा साबण किंवा बेबी शाम्पू लावून धुवा, कारण कॅप्सेसिन तेलात विरघळतं, नुसत्या पाण्याने सुटत नाही. साबणाचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका. केस धुताना मान पुढे वाकवा, नाहीतर डोक्यावरचं सगळं उतरून अंगभर जळजळ होते. गरम पाण्याने आंघोळ त्या दिवशी टाळा.

मिरच्या चिरल्यावर हाताला तेल किंवा तूप लावायची आपल्याकडची सवय इथे डोळ्यांजवळ आणू नका. तेल, तूप, व्हॅसलिन, क्रीम, सगळं तिखट धरून ठेवतं. दुधाची कीर्तीही जरा जास्तच आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दूध, बेबी शाम्पू, अँटासिड, भूल देणारं जेल आणि साधं पाणी यांची तुलना केली, तेव्हा जळजळ कमी करण्यात कुणातही लक्षणीय फरक दिसला नाही. आराम दिला तो वेळेने. दूध निर्जंतुक नसतं, डोळ्यांत तर घालूच नका. दमा असेल, श्वास लागला किंवा तासाभरानंतरही डोळा टोचत राहिला, धूसर दिसलं तर डॉक्टरकडे जा. कपडे वेगळ्या पिशवीत ठेवून गार पाण्यात वेगळे धुवा, घरच्यांच्या कपड्यांत टाकलेत तर तेही पेटतील.

कायदा आणि प्रवास

भारतात पेपर स्प्रे बाळगायला परवाना लागत नाही. पण तो कशासाठी वापरला यावर बरंच ठरतं. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात आणि त्यातच कलम ३७ म्हणतं, संरक्षणाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येणार नाही. पळून जाणाऱ्याच्या मागे धावत फवारणं, पार्किंगच्या भांडणात किंवा शेजाऱ्याशी हुज्जत घालताना मारणं यात बसत नाही. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने मालमत्तेच्या वादातून झालेल्या अशाच एका प्रकरणात पेपर स्प्रेला धोकादायक हत्यार म्हटलं, जिवाला तातडीचा धोका नव्हता असं नोंदवलं आणि गुन्हा रद्द करायला नकार दिला. त्यामुळे वापर झालाच तर आपण आधी ११२ ला फोन करून काय झालं ते सांगितलेलं बरं.

विमानात हा नेता येत नाही: ना हातातल्या बॅगेत, ना चेक-इन सामानात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन्हीकडे मनाई आहे. देशांतर्गत प्रवासालाही घरीच ठेवा. मेट्रो, मॉल, न्यायालय, परीक्षा केंद्र इथे तपासणीत अडवू शकतात, आधी विचारून घ्या. मुलगी शिकायला ब्रिटनला निघाली असेल तर प्रेमाने बॅगेत टाकू नका, तिथे १९६८ च्या फायरआर्म्स कायद्यानुसार पेपर स्प्रे बाळगणं हाच गुन्हा आहे. कॅनडातही माणसांसाठीचा स्प्रे निषिद्ध. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चालतो, पण नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात अडीच औंसांपेक्षा मोठी बाटली नको, न्यूयॉर्कमध्ये औषधविक्रेत्याकडून किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून समोर जाऊनच घ्यावी लागते. तिथे पोचल्यावर तिथल्या नियमाने घ्या.

कुठला घ्यावा

पट्टीखाली अंगठा सरकवायचं लॉक, धार किंवा जेल, ३० ते ५० ग्रॅम, पुढे किमान दीड वर्ष मुदत शिल्लक, लेबलवर बॅच आणि पत्ता. एवढं जुळत असेल तर ३०० रुपयांची देशी बाटलीही ठीक. एमसीचा आकडा दिलेला असेल तर सोन्याहून पिवळं. बजेट असेल तर सेबरची जेल बाटली, त्यातली यूव्ही खूण त्वचेवर साध्या डोळ्यांना दिसत नाही पण विशेष दिव्याखाली चमकते, ओळख पटवताना कामी येते. शक्य झालं तर दोन घ्या, एक चाचणी आणि सरावासाठी. १८ वर्षांखालच्यांना विकायचा नाही असं अनेक कंपन्या लिहितात, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी मागवताना ते बघा.

टाळायचे: लिपस्टिक, पिस्तूल, नुसतं टोपण असलेले, आणि लेबलवर फक्त स्कोव्हिल छापलेले.

उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. लेबलवरची मर्यादा बहुधा ५० अंश असते, आणि नागपूर-चंद्रपुरात उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान त्याच्या पुढे सहज जातं. डबा फुगतो, सील ढिलं होतं, कधी फुटतोही. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा डब्याच्या वरच्या कडेला गंज आहे का ते बघावं. लहान मुलं असतील तर रात्री पर्स हुकला उंच टांगा. मुदत संपलेली बाटली ओल्या कचऱ्यात टाकू नका, भोक पाडू नका, जाळू तर मुळीच नका. मोकळ्या मैदानात वाऱ्याकडे पाठ करून पूर्ण रिकामी करा, नोझलला चिकटपट्टी लावा, वर 'रिकामा पेपर स्प्रे' असं लिहा आणि घरगुती घातक कचऱ्यात वेगळी द्या, म्हणजे कचरा वेचणाऱ्याच्या हाताने बटण दाबलं जाणार नाही.